मिठागरावरची हाक

या आठवड्यात बोरिवलीत पुन्हा ती सकाळ आली. समोरच्या इमारतीचे वरचे मजले दिसतात, खालचे दिसत नाहीत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, कुणी वाळत घातलेली निळी चादर, सगळं कोवळ्या उन्हात स्वच्छ असतं आणि त्याच्या खाली पांढरं काहीतरी साचलेलं असतं. इमारत त्या पांढऱ्यावर अलगद ठेवल्यासारखी दिसते. जानेवारीत काही दिवस हे चालतं. वारा पडलेला असतो, खाडीवरून ओल येते, कुठेतरी पाला जळत असतो. मग उन्हं चढतात, रस्ते खालून वर उगवल्यासारखे परत येतात आणि लोक विसरून जातात.

या दिवसांत आवाजांचं काहीतरी बिघडतं. रिक्षाचा आवाज डावीकडून येतो आणि रिक्षा उजवीकडून. पाववाल्याच्या सायकलची घंटा खाली वाजते की पलीकडच्या गल्लीत, ते कळत नाही. गेटवर वॉचमन कुणाला तरी हाका मारत असतो आणि ज्याला मारतो तो माणूस भलतीकडेच वळून बघतो. धुक्यात डोळे कमी पडतात हे सगळ्यांना माहीत असतं. कानही फसतात, हे फारसं कुणी धरून चालत नाही.

सकाळीच नितीनचा ग्रुपवर निरोप आला. ‘ग्राउंड सुकलंय. कोण कोण येतंय?’ नितीन घाटकोपरला राहतो, बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी रॉकेट उडवतो. त्याच्या निरोपाखाली एकेकाचे अंगठे उमटत गेले. चारूचा अंगठा बराच उशिरा आला, पण आला.

रॉकेट म्हटलं की लोकांना दिवाळी आठवते. ही रॉकेटं वेगळी. माणसाहून उंच नळी, पुठ्ठ्याची किंवा काचेच्या धाग्यांच्या कापडाची, खाली तीन पंख, पोटात घन इंधनाची मोटर. बटण दाबलं की ते किलोमीटरभर, कधी त्याहूनही वर जातं. वर पोचलं की आतली थोडीशी बारूद पेटते, नळी मधोमध उघडते, पॅराशूट बाहेर येतं आणि रॉकेट डुलत खाली येतं. ते पुन्हा रंगवायचं, पुन्हा उडवायचं. यातून पैसा मिळत नाही आणि घरच्यांना त्याचा उपयोग सांगता येत नाही. आमच्या क्लबात दाताचे डॉक्टर आहेत, कॉलेजच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ आहेत, नितीन आहे, चारू परब आहे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलेला मी आहे. एकमेकांशी आमचं दुसऱ्या कुठल्याही विषयावर फारसं बोलणं होत नाही.

उडवायला जागा लागते, मोकळं आकाश लागतं, परवानग्या लागतात. हे तिन्ही जुळतं ते वर्षातून थोडे दिवस. गोराईच्या खाडीपलीकडे एक बंद पडलेलं मिठागर आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं आणि दिवाळीनंतरही चिखल राहतो. जानेवारीत जमीन सुकते, तडकते आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. त्यावरून चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. तेच आमचं ग्राउंड.

मला आठवतोय तो मोसम परबकाकांचा होता. काका म्हणजे चारूचे वडील. मालवणकडचे. तरुणपणी मुंबईला आले, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर हात बसला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. बायको गेल्यावर ते घरी एकटे बसून राहायचे. चारू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिने त्यांना रॉकेटच्या मोटरचं ॲल्युमिनियमचं कडं कातून द्यायला सांगितलं, ते एका जुन्या ओळखीच्या गाळ्यात जाऊन त्यांनी करून आणलं आणि मग ते आमच्यातच राहिले. तिची रॉकेटं तेव्हापासून दोघांची झाली.

त्या दिवसांतले वास अजून वेगवेगळे ओळखू येतात. गाळ्यातलं कातकामाचं तेल. पंख चिकटवायचं द्रावण सुकताना येणारा आंबूस, डोक्यात जाणारा वास. आणि टाल्कम पावडर. पॅराशूटच्या नायलॉनच्या घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यावर पावडर शिंपडतात. हे काम काका करायचे. तान्ह्या बाळाच्या अंगाला लावावी तशी दोन बोटांनी, फुंकर मारत. मग घडी घालायचे, धोतराची घालतात तशी, कड जुळवून. चारू म्हणायची, "बाबा, त्याला लग्नाला नाही न्यायचंय." ते म्हणायचे, "वरसून खाली येताना लोकांनी बघूक होया मा? मगे नीट नको?"

त्या मोसमातल्या एका सकाळी आम्ही बोरिवलीच्या बाजूने बोटीने गेलो. मोटरी आणि बारूद बोटीत न्यायची नाही हा आमचा नियम, त्या टेम्पोतून भाईंदरकडून फिरून आल्या. रिकामी रॉकेटं मात्र आमच्या खांद्यावर होती. चारूचं सर्वांत मोठं. रंगाला चरा पडू नये म्हणून तिने ते जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून तीन ठिकाणी सुतळीने बांधलं होतं. चौघांनी ते उचलून धक्क्यावरून आणलं तेव्हा लोक बाजूला झाले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी वाट मिळत गेली. बोटीत टोपल्या घेऊन बसलेल्या एका कोळणीने पाय आवरून घेतले आणि कपाळाला हात लावला.

नितीन म्हणाला, "मावशी, रॉकेट आहे ते."

तिने चादरीकडे पुन्हा एकदा बघितलं. "वर जातंय ना?"

"हो."

"मग झालं."

बोटीत हशा पिकला. काकाही हसले. त्यांच्या काखेत छत्री होती, जानेवारीतही. नितीनने त्यावरून त्यांना छेडलं, "काका, वरून काय पडेल म्हणून आणलीत?" ते म्हणाले, "तुमचां काय खरां नाय, म्हणान." धुकं इतकं होतं की बोट सुटल्यावर आधी धक्का गेला, मग धक्क्यावरचे दिवे गेले आणि मग बराच वेळ आम्ही कुठेच नव्हतो. इंजिनचा आवाज पाण्यावरून परत येत होता, जणू शेजारून दुसरी बोट चालली आहे.

मिठागरावर पोचलो तर तिथे वेगळाच देखावा. जमिनीलगत धुकं साचलेलं आणि डोक्यावर निळं, निरभ्र आकाश. समोरचा माणूस थोडा लांब गेला की आधी पायापासून फिका होत जायचा. तिवरांची रांग दिसत नव्हती. बगळे आहेत हे फक्त पंखांच्या फडफडीवरून कळत होतं. नितीनने वर बघितलं. उड्डाणाला परवानगी द्यायची की नाही हे त्याच्याकडे असतं. नियम असा की आकाश दिसलं पाहिजे. आकाश दिसत होतं.

आमच्या क्लबाच्या दोन रीती आहेत. बाहेरचा माणूस त्या पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला हसू येतं.

पहिली रीत बोटाची. रॉकेट सुटलं की प्रत्येकाने हात लांब करून त्याच्याकडे बोट रोखायचं आणि ते खाली येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. एकाच्या डोळ्यांतून निसटलं तरी दुसऱ्याचं बोट दाखवत असतं. खाली येणारं रॉकेट कुठे पडतंय हे सगळ्यांना माहीत असावं, एवढाच त्याचा हेतू. पण धुक्यात अर्धवट बुडालेली माणसं एका बाजूला हात उगारून गप्प उभी असतात आणि ती कशाकडे बोट दाखवताहेत ते दिसत नसतं, तेव्हा मनात येतं की आपण इथे नसतो तर बरं.

दुसरी रीत कानाची. प्रत्येक रॉकेटच्या पोटात काडेपेटीएवढं सर्किट असतं. हवेच्या दाबावरून ते उंची ओळखतं आणि योग्य क्षणी पॅराशूटची बारूद पेटवतं. रॉकेट स्टँडवर उभं केलं की नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून स्क्रू फिरवून ते चालू करायचं. सगळ्या तारा नीट असतील तर ते तीन बीप देतं, थांबतं, पुन्हा तीन देतं. रॉकेटवाला नळीला कान लावतो. नितीन लांबून विचारतो, "बोलतंय का?" ऐकू आलं की तो म्हणतो, "बोलतंय." तेवढा वेळ ग्राउंडवर कुणी खोकतही नाही. न बोलणारं रॉकेट उडवायचं नाही. ते वर जाईल, पण पॅराशूट उघडणार नाही. वर गेलं तसंच, नाक खाली करून, पूर्ण वेगाने जमिनीत घुसेल.

सकाळची छोटी उड्डाणं नीट झाली. प्रत्येक वेळी तेच व्हायचं. फाडल्यासारखा आवाज, धुक्यात पडलेलं भोक, त्या भोकातून वर गेलेली धुराची सरळ रेघ. मग उंचावर बारीक ठोका आणि उन्हात उमललेलं लाल किंवा नारिंगी कापड. ते धुक्याच्या पातळीपर्यंत दिसायचं. मग पाण्यात बुडावं तसं बुडायचं आणि पलीकडून वॉकीटॉकीवर काकांचा आवाज यायचा, "गावला."

पडलेली रॉकेटं शोधण्यासाठी कुणीतरी लांब उभं राहावं लागतं. त्या दिवशी ते काम काकांनी मागून घेतलं होतं. वारा जेमतेम होता, तोही खाडीकडून समुद्राकडे. पॅराशूट वाऱ्याबरोबर जाणार म्हणून नितीनने त्यांना समुद्राच्या बाजूला, जुन्या उघाडीपाशी बसवलं होतं. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची लाकडी झडप. तिच्या चाकाशेजारी त्यांचं घडीचं स्टूल, पिशवी, वॉकीटॉकी. ग्राउंडवरून ती जागा दिसत नव्हती. खाडीची बाजू मोकळी ठेवली होती, कारण स्टँड त्या अंगाला जरासे कललेले असतात. काही बिघडलंच तर रॉकेट तिकडे पडावं, माणसांच्या अंगावर नको, म्हणून.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर एक सवय लागते. बातमी वाचताना मनाशी विचारत राहायचं, हे कुणी पाहिलं, हे कुणी ऐकलं, हे कुणी नुसतं सांगितलं. ती सवय त्या सकाळपुरती लावून बघतो तेव्हा पाहिलेलं फार थोडं निघतं. बहुतेक सगळं ऐकलेलंच आहे.

शेवटची दोन मोठी रॉकेटं शेजारशेजारच्या स्टँडवर उभी राहिली, नितीनचं आणि चारूचं. परवानगीचा वेळ संपत आला होता, म्हणून दोन्ही एकदमच चालू करायचं ठरलं. नितीनने त्याचं आधी केलं आणि तो मागे आला. मग चारूने स्क्रू फिरवला, नळीला कान लावला.

"बोलतंय का?"

"बोलतंय."

तिला तीन बीप ऐकू आले होते. आम्हा सगळ्यांनाच आले होते. त्या पांढऱ्यात ते कुठून येताहेत असा प्रश्न कुणाला पडला नाही.

नितीनने वॉकीटॉकीवर विचारलं, "काका, तयार?"

"होय, होय. सोडा."

नेमकी तेव्हा पेटवणीच्या तारेची चिमटी निघाली. ती बदलण्यात बराच वेळ गेला. बदलून झाल्यावर नितीनने काकांना पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं. त्याने मोठ्याने उलटे आकडे म्हटले, चारूने बटण दाबलं.

मोठं रॉकेट सुटतं तेव्हा आवाज आधी छातीत लागतो आणि मग कानात. धुकं फाटलं, मिठाचा भुगा उडाला आणि सगळे हात वर गेले. ज्वाला लहान होत गेली, विझली. पांढरा ठिपका वर वर जात राहिला. ग्राउंडवर शांतता झाली. त्या शांततेत नितीनचं रॉकेट स्टँडवरून बोलत होतं. तीन बीप. पुन्हा तीन.

मी चारूच्या शेजारी होतो. तिचा हात वर होता आणि मान हळूच त्या स्टँडकडे वळली. काय झालं ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण तिने ते कान लावून ऐकलं होतं. मघाशी दोन रॉकेटं बोलत असायला हवी होती. आता एक गेलं होतं. आवाज कमी व्हायला हवा होता आणि तो झाला नव्हता. मघाशी होता तसाच्या तसा होता.

तिचं रॉकेट बोललंच नव्हतं.

ठिपका सर्वांत वर जाऊन थांबल्यासारखा झाला. तिथे ठोका यायला हवा होता, आला नाही. ठिपका कलला, उन्हात एकदा चमकला आणि खाली यायला लागला. नितीन ओरडला, "वर बघा. सगळ्यांनी वर बघा." हात ठिपक्यामागे खाली येत गेले, खाडीच्या बाजूला, आणि मग बोटांसमोर धुकं आलं. शीळ ऐकू आली. बारीक, वाढत जाणारी. तिला दिशा नव्हती. डोक्यावर आहे असं प्रत्येकाला वाटलं. मग धप्प असा एक बसका आवाज, पोतं टाकल्यासारखा, आणि काहीच नाही.

या सगळ्यात चारूचं तोंड उघडं होतं. ओठांचा आकार ‘बा’चा होता. आवाज निघाला नाही. हे मी पाहिलं आहे. तिच्याइतकं जवळ दुसरं कुणी नव्हतं.

नितीन वॉकीटॉकीवर बोलायला लागला होता. "काका. काका, ऐकताय का?" खरखर यायची, उत्तर नाही. "काका, बटण दाबा नुसतं." खरखर.

चारू आणि मी उघाडीच्या दिशेने निघालो. नितीन ग्राउंडवरून हाका मारत राहिला. पळता येत नव्हतं, पापुद्र्याखाली मधेच पाय रुतायचा. थोडं गेल्यावर मागचे लोक नाहीसे झाले. पुढे काहीच नव्हतं. मग समोरून, पांढऱ्यातून, माणसाचा आवाज आला.

"काका. काका, ऐकताय का?"

तो नितीनचा आवाज होता. नितीनला तर आम्ही मागे सोडून आलो होतो. चारू जागीच थांबली. आम्ही तसेच उभे राहिलो आणि तो आवाज समोरून पुन्हा म्हणाला, "काका, बटण दाबा नुसतं." मग उघाडीचं गंजलेलं चाक दिसलं आणि त्याला वादीने अडकवलेली वॉकीटॉकी दिसली. खाली घडीचं स्टूल, पिशवी. स्टूल रिकामं होतं.

चारू म्हणाली, "बाबा नाहीयेत दादा." अगदी साध्या आवाजात, घरात बघून आल्यासारखं.

मिठावर पावलं उमटली होती. ती बांधावरून वळून सरळ खाडीच्या बाजूला गेली होती, जिकडे स्टँड कलले होते. आम्ही त्यांच्यामागे गेलो. कितीसं चाललो ते सांगता येत नाही. मी एकच गोष्ट बघत होतो, ठसे थांबतात का.

ते थांबले तिथे छत्री होती. जमिनीत टोक खुपसून उभी केलेली. तिच्या शेजारी, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ, रॉकेटचे तीन पंख जमिनीवर दिसत होते. बाकीची नळी आत गेली होती. कडेची माती फुलासारखी बाहेर उलटली होती, पुढे ठसे असतील तर ते तिच्याखाली गेले होते.

चारूने छत्रीकडे बघितलं, मग खड्ड्याकडे. ती खाली बसली आणि पंखाभोवतीची माती हातांनी ओढायला लागली. तिला काय भीती वाटत होती ते मला कळत होतं, पण खाली काही नव्हतं. काही असतं तर दिसलं असतं. मी तसं म्हणालो, दोनदा म्हणालो. तिने ऐकलं नाही.

"चारू गे."

काका पलीकडच्या धुक्यातून चालत आले. आधी सदरा, मग चेहरा, मग पाय. त्यांनी पंखांकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. "हंय उभो होतंय मी," ते म्हणाले. "थंय उघाडीकडे काय दिसणा नाय, म्हणान हंय इलंय. मगे हाक आयकू इली म्हणान तिकडे गेलंय." मग त्यांनी विचारलं, "कोणी हाक मारल्यान?"

चारू उठली. तिचे हात कोपरापर्यंत खाऱ्या मातीने भरले होते.

"मी," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. "बरा केलंस," ते म्हणाले.

रॉकेट काढायला वेळ लागला. आत न पेटलेली बारूद होती, म्हणून नितीनने सगळ्यांना लांब उभं केलं, एकट्याने माती काढून आतल्या तारा कापल्या आणि मग बाकीचं खणायला दिलं. पुढचं निम्मं धड चेपून गेलं होतं. स्क्रू फिरला होता, पण पुरता टेकला नव्हता. पॅराशूट जसं घातलं होतं तसंच निघालं. कड जुळवलेली घडी, कोरडी, आणि उघडल्यावर त्या खाडीच्या वासात टाल्कम पावडरचा वास. नितीनने स्वतःचं रॉकेट स्टँडवरून उतरवलं आणि ते बंद केलं. ते बंद झाल्यावर ग्राउंड इतकं शांत झालं की काहींनी वळून बघितलं.

तेव्हापासून क्लबात एका वेळी एकच रॉकेट चालू करतात. वेळ संपला तर उरलेलं घरी परत जातं.

त्या हाकेचा मी मागाहून पुष्कळ विचार केला. नितीन ओरडला होता, धुक्यात आवाज भलतीकडून ऐकू येतो, तेव्हा त्याचाच आवाज पलीकडून आला असेल. खाडीत कालवं काढणारं कुणी दुसऱ्या कुणाला हाक मारत असेल. वॉकीटॉकीचा आवाज वाकून आला असेल. यातलं काहीही छापायला हरकत नाही. अडचण एवढीच की हाक रॉकेट पडायच्या आधी आली. काका छत्री सोडून तिच्याकडे चालत गेले, दिसेनासे होण्याइतके लांब गेले, आणि मग धप्प झालं. त्या वेळी रॉकेट बहुधा अजून सुटलंच नव्हतं. चिमटी बदलली जात होती आणि ग्राउंडवर आम्ही सगळे गप्प होतो.

काल परबांकडे गेलो. चारू नवं रॉकेट करते आहे. हॉलमध्ये सोफ्यामागे नळी उभी होती, रंग अजून लागायचा होता. मला दार उघडून तिने ते दाखवलं आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "दादा, एक विचारू? मी तेव्हा ओरडले होते ना रे?"

मी चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या.

"म्हणजे तेव्हा मी नुसतं म्हटलं होतं, मी मारली म्हणून. बाबांना काय सांगणार होते. पण आता मला ती हाक ऐकू येते. माझीच. असेल ना मारलेली?"

"असेल," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "बाबांचं काय चाललंय कळत नाही. कान तपासून आणले. डॉक्टर म्हणतात, एकदम झकास आहेत. आणि घरात तीनतीनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाहीत. मुद्दाम करतात, मला माहितीये." ती चहा टाकायला आत गेली.

काका खिडकीशी बसले होते. बाहेर ते पांढरं साचलेलं होतं, त्यांच्या मजल्याच्या जरा खाली. त्यांनी मला बसायला खुणावलं आणि आतल्या भांड्यांचा आवाज सुरू होईपर्यंत थांबले.

"तिना हाक मारूक नाय," ते म्हणाले. "माका तेव्हाच कळला."

"मग काका, तुम्ही काही बोलला नाहीत."

"तिका सांगा नको. सांगितलंय तर ती विचारतली, मगे कोणी मारल्यान. तेका माझ्याकडे उत्तर नाय."

मी विचारलं, हाक होती तरी कशी.

"बाबल्या." त्यांनी तो शब्द अगदी हलका उच्चारला, उसना आणल्यासारखा. "माका बाबल्या म्हणणारा आता कोण उरला नाय." मग म्हणाले, लहानपणी आईने बजावलं होतं. माळावर, खाडीवर एकटा असताना कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा मारेल. ज्याला तिसऱ्यांदा मारता येत नाही, त्याच्याकडे जायचं नाही. "थंय मी एकाच हाकेक गेलंय. ओ देव्न गेलंय."

"गेलंय म्हणान वाचलंय," ते म्हणाले. "पण ओ दिलंय मा."

आतून चारूने हाक मारली. "बाबा, चहा."

काकांनी मान वर केली आणि खिडकीबाहेर बघितलं.

"बाबा."

ते हलले नाहीत. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होता. मीही हललो नाही. आत भांड्यांचा आवाज थांबला होता आणि ती तिसऱ्यांदा हाक मारेपर्यंत जो वेळ गेला तो लांबत गेला.

"बाबा, ऐकताय ना? निवतोय."

"येतंय गे," काका म्हणाले, आणि खिडकीकडे पाठ करून उठले.